चार दिशांची अक्षरं

छोटी चार महिन्यांची असताना तिला खाली ठेवून झोपवायचे आमचे सगळे उपाय संपले. पाळण्यात पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. उजव्या खांद्यावर नुसती कुरकुर. डाव्या खांद्यावर मात्र दुपारचे दोन-अडीच तास बिनघोर. माझा नवरा बस चालवतो. तो म्हणायचा, "या गाठोड्याचा थांबा एकच. पुढे गाडी जातच नाही." थांबा म्हणजे मी.

खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं. पाळण्यात असली की मी दर पाच मिनिटांनी उठून तिचं पोट वरखाली होतंय ना ते बघायचे. खांद्यावर असली की तिचा श्वास माझ्या मानेला लागायचा, म्हणजे उठायचं कारणच नाही.

त्याच सुमारास थोरल्या बाईंचा फोन आला. पुस्तकांसाठी, पाट्यांसाठी अक्षरं घडवायचं त्यांचं कार्यालय आहे. बाळंतपणाच्या रजेपर्यंत मी तिथेच रोज जायचे.

"रजेवर आहेस, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण नवं ग्रंथालय उभं राहतंय, पाच मजली. विभागांची नावं भिंतींवर लावायची आहेत. माणसाच्या उंचीची अक्षरं, लाकडात कापून. मला हाताने केलेलं, दणकट काहीतरी हवंय. तुझ्या डोक्यात आहे का काही?"

"आहे," मी म्हणाले.

तेव्हा काहीही नव्हतं. पण अक्षरांची भीती मला कधी वाटली नाही. ताप किती, दूध पुरलं का, शेजारच्या मुलाला खोकला कसला, ही माझी भीतीची गावं. अक्षर त्या वाटेवर लागत नाही.

घोडं अडलं ते हातांपाशी. संगणकाला दोन हात लागतात आणि माझा डावा बाळाखाली. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर काळा जाड कागद घेतला, डाव्या कोपराने त्याची कड दाबून धरली आणि उजव्या हाताने सुरी चालवायला लागले. आधी रेखाटन नाही, पेन्सिल नाही. सरळ कापायचं. गोलाई जमेना, कारण गोल कापायला कागद फिरवावा लागतो. मग मी गोलाई सोडूनच दिली. 'ठ'चं पोट चौकट झालं, तिरकी उभी राहिलेली. 'क'च्या पोटाला तीन कोपरे आले. अक्षरं अशी दिसायला लागली, जशी कुणी कुऱ्हाडीने तोडून ओळीत मांडली आहेत. मला ती पहिल्याच दुपारी आवडली.

ग्रंथालयाच्या यादीप्रमाणे एकूण बावन्न आकार लागणार होते: अक्षरं, काने-मात्रा, वेलांट्या, थोडी जोडाक्षरं. छोटी सात महिन्यांची होईपर्यंत माझे तेहतीस कापून झाले. मग आई आमच्याकडे राहायला आली. एव्हाना छोटी खाली झोपायलाही शिकली होती. आईने तिला ताब्यात घेतलं आणि माझे दोन्ही हात मोकळे झाले. उरलेले एकोणीस मी चार दिवसांत फस्त केले. काय तो वेग! कडा अशा स्वच्छ की मीच माझ्यावर खूश.

सोमवारी सगळा गठ्ठा घेऊन कार्यालयात गेले.

तिथे रंधा होता. त्याचं खरं नाव आता त्याची बायकोसुद्धा घेत नसेल. हाताने काढलेली अक्षरं संगणकात उतरवायचं काम त्याचं. उतरवताना तो प्रत्येक कड अशी तासतो की बोट घसरावं. म्हणून रंधा.

"या ताई, या," तो म्हणाला. "बाळ बरंय ना? आणि हे काय, बाळाने कुरतडलेले कागद आणलेत की काय?"

"तुझ्यासाठी आणलेत. दात शिवशिवत असतील ना तुझे."

आम्ही बावन्नच्या बावन्न भिंतीवर टाचले. थोरल्या बाई चष्मा पुसत आल्या. त्या जवळून कधीच बघत नाहीत. चार पावलं मागे, मग दारापर्यंत, मग दाराबाहेर. बाहेरूनच त्यांनी विचारलं, "हे कुणीकुणी कापलंय?"

"मी."

"आणि दुसरी कोण?"

"दुसरी कुणी नाही, बाई. मीच."

त्या आत आल्या आणि बोटाने भिंतीवर दाखवत गेल्या. "ही तू. ही तू. ही नाही. ही तू. ही तर मुळीच नाही." एकही चुकला नाही. आई आल्यानंतर कापलेले एकोणीसच्या एकोणीस त्यांनी वेगळे काढले.

मग मलाही दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते डोळ्यांपुढून हलेना. पहिल्या तेहतिसांची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे किंचित उतरत होती. पुढचं अक्षर पुन्हा वरून सुरू व्हायचं. शब्द मांडला की त्याच्या माथ्यावर करवतीच्या दातांसारख्या पायऱ्या दिसायच्या, आणि त्या पायऱ्यांमुळे सगळा शब्द चालायला निघाल्यासारखा वाटायचा. नंतरच्या एकोणिसांची शिरोरेषा सपाट होती. कोपरे होते, पण ते कोपरे नुसते बसले होते.

"यात रडण्यासारखं काय आहे?" रंधा म्हणाला. मी रडत नव्हते. "सगळी एका पातळीला आणतो. शिरोरेषा सरळ, कोपरे जरासे मऊ. दोन दिवसांचं काम. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," मी म्हणाले.

"तुला कळून भिंतीवर काय चढणार आहे?"

थोरल्या बाईंनी हात वर केला. "पुढच्या गुरुवारी अकराला ग्रंथालयाची मंडळी येतील. एका भिंतीवर दोन हात मी त्यांना दाखवणार नाही. तू ही एकोणीस पहिल्यांसारखी करून आण. नाही जमलं तर रंधा सगळीच तासेल आणि तीच लागतील. रंध्या, तुझी तयार ठेव."

म्हणजे दहा दिवस. एकोणीस अक्षरं जमली नाहीत तर तेहतीसही जाणार. ग्रंथालयाच्या पाच मजल्यांवर कुणाचीही असू शकतील अशी अक्षरं चढतील आणि त्यांच्याखाली मी छोटीला पुस्तकं आणायला घेऊन जाईन. ते मला चालणार नव्हतं. एवढं साधं होतं ते.

घरी येऊन लगेच बसले. शिरोरेषा मुद्दाम उतरती कापली, कडा मुद्दाम हलवल्या. जे झालं ते बघवेना. मोठा माणूस लहान मुलाशी मुद्दाम बोबडं बोलतो ना, तशी ती अक्षरं बोलत होती. मंगळवारी डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून कापलं. तेही बोबडंच. बुधवारी सकाळी आई म्हणाली, "एवढं तिच्यावरच अडलंय तर घे पुन्हा खांद्यावर आणि काप."

"अगं, आता ती सुरी हिसकावून घेईल माझ्या हातातून."

छोटी आठव्या महिन्यात होती. जे दिसेल ते मुठीत, मुठीतलं तोंडात. ती दुपारची गाढ, मऊ, खांद्यावरची मुलगी आता उरलीच नव्हती.

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली. "आणि ते खोकं कधी फेकणार आहेस? पलंगाखाली झाडता येत नाही मला."

त्या खोक्यात अक्षरं कापून उरलेले कागद होते. मी एकही फेकला नव्हता. काळ्या कागदाचा नखाएवढा तुकडा जमिनीवर राहिला आणि छोटीने गिळला तर, या धास्तीने मी प्रत्येक कागदाबरोबर त्यातून निघालेले तुकडे एकेका पाकिटात भरून ठेवले होते. पाकिटावर तारीख आणि तुकडे किती तो आकडा. नवरा माझी थट्टा करायचा: "पोलीस तपासाला आले तर सोय आहे."

तपास मीच केला. बुधवारी दुपारी छोटी झोपल्यावर पाकिटं उघडून ते भोकं पडलेले कागद खिडकीच्या काचेवर चिकटवले. उजेड आरपार आला. त्यात अक्षरांचे कोपरे ओलांडून गेलेल्या सुरीच्या बारीक चिरा दिसल्या. सुरी थांबायला हवी तिथून केसभर पुढे जाते, तिची चीर. कुणाचीही जाते. पण या तेहतीस कागदांवर प्रत्येक चीर कोपऱ्याच्या उजवीकडे किंवा खाली होती. डावीकडे एकही नाही. मी नखाने एकेक तपासली. एकही नाही.

नंतरच्या एकोणीस कागदांवर चिरा चहूकडे होत्या, उधळलेल्या.

मी खुर्चीवर जाऊन बसले. डाव्या खांद्यावर ती आहे असं धरून रिकामा हात हवेत फिरवला आणि कळलं. माझ्या डावीकडे छोटी होती. सुरी तिच्याकडे वळेल अशी एकही रेघ मी तीन महिन्यांत ओढली नव्हती. ठरवून नाही. हाताला तसं सांगायचीही गरज पडली नव्हती. सुरी एक तर माझ्या उजव्या बाजूने सरळ खाली जायची, नाहीतर बाळापासून दूर: जवळजवळ आडवी पण जरा उतरती, किंवा तिरकी वर, किंवा तिरकी खाली. चारच दिशा. पाचवी नाही. शिरोरेषा उतरती झाली ती तिथूनच. आई आली, छोटी खांद्यावरून उतरली आणि सुरीला कशाचंच भय राहिलं नाही. मी कागद फिरवायला लागले, सुरी हवी तिकडून ओढायला लागले, आणि अक्षरं गप्प झाली.

"आई," मी ओरडले, "सापडलं!"

"हळू!" आई आतून कुजबुजत ओरडली. "आत्ता डोळा लागलाय तिचा."

कळणं वेगळं, वळणं वेगळं. कागद फिरवायची सवय हातात वीस वर्षांची होती. मी कागदाचे चारही कोपरे टेबलाला चिकटपट्टीने डकवले, तरी डाव्या हाताची बोटं तो फिरवायला धावायचीच. आठ-दहा कागद वाया गेले. नवरा कामावरून आला, उभ्या उभ्याच बघत राहिला.

"अवघड काय आहे यात?" तो म्हणाला. "तुला फक्त उजवीकडे वळायची परवानगी आहे. डावीकडे जायचं असेल तर उजवीकडून फेरा मार. आमच्या निम्म्या रस्त्यांवर हेच चालतं."

मी हसले, पण शहाणपणाचंच बोलला होता तो. डावीकडची कड कापायची तर डावीकडूनच सुरुवात करून उजवीकडे यायचं. म्हणजे प्रत्येक अक्षर सुरू कुठून करायचं हे आधी बघायचं, सुरी नंतर उचलायची. त्या हिशेबाने 'श' झाला, 'ण' झाला. 'ळ'ने मात्र दोन दिवस खाल्ले. त्याची दोन वेटोळी, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि माझ्याकडे गोल काहीच नाही. शेवटी दोन्ही वेटोळी दोन पतंगांसारखी, एकमेकांना टोकाने टेकलेली कापली. डावा पतंग जरा वर, उजवा जरा खाली, कारण दिशाच तशी होती. भिंतीला टेकवून स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. तो 'ळ' पाय रोवून उभा होता. मी त्याला तिथेच सोडून भांडी घासायला गेले. काम झालं की मला ते कळतं.

गुरुवारी अकराला तिघं आली. ग्रंथपालबाई, उंच, हातात रुमाल. इमारतीचे वास्तुकार, आवाज खालचा, बूट चकचकीत. आणि अक्षरं लाकडात कापणार होता तो सुतार. तो दाराशीच खुर्ची घेऊन बसला. कानावर पेन्सिल होती.

थोरल्या बाईंनी माझे बावन्न आधी दारातून बघितले आणि मला नुसतं "हं," म्हणाल्या. त्यांचं "हं" मिळायला लोकांना वर्षं लागतात. पण शेजारच्या भिंतीवर रंध्याची तासलेली अक्षरंही टाचली होती.

"हे कशाला?" मी हळूच विचारलं. "एक हात झाला ना आता."

"झाला. निवड त्यांची आहे. लपवून जिंकलीस तर काय जिंकलीस?"

वास्तुकार रंध्याच्या भिंतीकडे गेले. "हे स्वच्छ आहे. माझ्या भिंतींशी जुळतं. ते पलीकडचं," ते माझ्या भिंतीकडे वळले, "ते जोरदार आहे, नाही असं नाही. पण माथा वरखाली का? भिंत उतरती वाटेल."

"भिंत नाही वाटणार," मी म्हणाले. "प्रत्येक अक्षर उतरतं आणि पुढचं पुन्हा वर चढतं. दहा अक्षरांनंतरही शब्द होता त्याच उंचीवर असतो. आडवी पट्टी धरून बघा."

त्यांनी खरंच पट्टी मागवली, धरली. उंची जुळली. त्यांनी भुवई उडवली, पण मानले नाहीत.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला आणि बाहेर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "निम्मे वाचक माझ्यासारखे येतात, चष्मा घरी विसरून," त्या तिकडून म्हणाल्या. मग मोठ्याने वाचायला लागल्या, आधी रंध्याचं, मग माझं. दोन्ही वाचता आली. परत येऊन म्हणाल्या, "ते पहिलं मी वाचलं. या दुसऱ्याने मला हाक मारली. मला हे आवडतंय. पण एक विचारू? आम्हाला पाच मजले आहेत. अंक कुठे आहेत?"

यादीत विभागांची नावं होती. अंक नव्हते. मी यादीतलं एकेक अक्षर जिवापाड जपलं आणि पाच मजल्यांच्या इमारतीला अंक लागतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"माझे आहेत," रंधा म्हणाला आणि टेबलावर दहा अंक मांडले. गुळगुळीत, तयार. "मी अंकांपासूनच सुरुवात करतो नेहमी." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं.

"हाच माझा मुद्दा," वास्तुकार म्हणाले. आवाज आणखी खाली आला. "हे हाताचं काम. आज जमलं. उद्या एखादं जोडाक्षर लागलं, परवा अंक लागले, तर हात तसाच चालेल कशावरून? अशा गोष्टी एकदाच होतात."

दहा दिवसांपूर्वी त्यांनी हे विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नसतं. मी थोरल्या बाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे मला मोकळीक होती.

"कुठला अंक हवाय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पाच मजले आहेत ना? पाच घेऊ."

मी काळा कागद घेतला, टेबलाच्या उजव्या अंगाला चारही कोपऱ्यांत डकवला. घरून आणलेली सुरी पिशवीत होती. जरा वेळ नुसता कागद बघितला. पाचाचं तोंड वर उघडं, खाली शेपूट. सुरुवात कुठून ते ठरलं आणि मग सुरी टेकवली. सरळ खाली. आडवी, उतरती. तिरकी वर. हात निवांत होता. छोटी चालायला शिकेल तेव्हा पडेल, टेबलाच्या कोपऱ्यांना काहीतरी लावायला हवं, असलंही काही डोक्यात चालू होतं. हात आपलं काम करत होता. बारा चिरांत पाच सुटा झाला. ग्रंथपालबाईंचा चहा अजून गरम होता.

मी तो माझ्या भिंतीवर 'ळ'च्या शेजारी टाचला. वास्तुकार बोलणार तेवढ्यात दाराशी बसलेला सुतार उठला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच उठला होता. खिशातून बिजागरीची लोखंडी पट्टी काढली, कोन पकडायची असते ती. 'क'वर एक कोन पकडला आणि ती तशीच उचलून पाचावर ठेवली. बसली. 'श'वरचा दुसरा कोन पकडला, पाचावर ठेवला. बसला. मग 'ळ', मग 'ठ', मग परत पाच.

"चारच आहेत," तो म्हणाला.

"काय चार?" वास्तुकारांनी विचारलं.

"कोन, साहेब. सगळ्या भिंतीवर चारच. करवत चारदा लावली की पाचही मजले कापून होतात. वर अजून काही लागलं तरी त्याच चारांत." मग रंध्याच्या भिंतीकडे पट्टी दाखवत म्हणाला, "ती दिसायला छान आहेत. पण तिथे दर अक्षराला नवा कोन आहे, आणि ते मऊ कोपरे हाताने घासायचे म्हणजे प्रत्येक वेगळा निघणार. मग पुन्हा म्हणाल, सुताराचा हात तसाच चालेल कशावरून."

थोरल्या बाईंना ठसका लागला. तो हसण्याचा होता.

वास्तुकार दोन्ही भिंतींच्या मध्ये जाऊन उभे राहिले. माणूस सरळ होता. म्हणाले, "ठीक आहे. माझं म्हणणं हात एकसारखा चालणार नाही, एवढंच होतं. चालतोय. पण अक्षरांमधलं अंतर मला त्या भिंतीवरचं आवडलं."

"मलाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. अंतर रंध्याइतकं कुणालाच कळत नाही. "अंतर त्याचंच ठेवू. तोच मांडेल."

रंध्याचे कान लाल झाले. "ताई, उपकार करतेयस की काम सांगतेयस?"

"काम सांगतेय. सोमवारपासून."

"मग ठरलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ही अक्षरं. कापल्यासारखी, अशीच. त्यांच्या कडेला हात लावायचा नाही कुणी. आणि बाकीचे अंक?"

"तळमजल्याचं शून्य धरून?"

"धरून."

"घाई नसेल तर बसा," मी म्हणाले. "शून्य आत्ताच काढते. त्यात गोल असतं असं सगळ्यांना वाटतं."

मी नवा कागद डकवला. त्या उत्सुकतेने अगदी जवळ आल्या, टेबलाच्या उजव्या कडेला, रुमालासकट.

"बाई, तिथे नको," मी त्यांना म्हणाले. "डावीकडे या माझ्या. सुरी तुमच्या बाजूला जाणार आहे."